स्पेक्ट्रो घ्यायचाय? कोटेशन मागवण्याआधी हे ठरवा

उद्यमबाग, मच्छे, होनगा, काकती. बेळगावच्या या पट्ट्यात केमिस्ट्रीची बीएस्सी किंवा मेटलर्जीचा डिप्लोमा झालेली मुलंमुली फाउंड्रीच्या लॅबमध्ये रुजू होतात आणि हात बसतो न बसतो तोच मालक सांगतात, "स्पेक्ट्रो घ्यायचाय, कोटेशनं मागवा." स्पेक्ट्रो म्हणजे धातूत कुठलं मूलद्रव्य किती आहे ते ठिणगीच्या प्रकाशातून मोजणारं यंत्र. तिकडे चिकोडी-अथणीकडे ऊसवाल्यांच्या एखाद्या संस्थेला मातीपरीक्षणाची लॅब काढायची असते. दोघांच्याही टेबलावर चकचकीत पुस्तिका येऊन पडतात आणि प्रत्येक पुस्तिकेतलं यंत्र सगळं काही मोजत असतं.

हा लेख अशा नवख्यांसाठी आहे. माझं काम ओतकामाच्या लॅबमधलं, म्हणून फाउंड्रीबद्दल सविस्तर लिहितो, माती-पाण्याबद्दल गरजेपुरतं. यंत्र सगळ्यात शेवटी निवडायचं असतं, हे मात्र दोन्हीकडे सारखंच लागू आहे. उत्तर कुणाला हवंय, किती वेळात हवंय आणि कुठल्या आकड्यापर्यंत हवंय, हे आधी लिहून काढा. ते नीट लिहिलं की निम्मी कोटेशनं आपोआप बाजूला पडतात.

पायरी १: चार रकाने भरा

एक कोरा कागद घ्या. नमुना कशाचा, कोणकोणती मूलद्रव्यं, कुठून कुठपर्यंत आणि उत्तर किती वेळात, असे चार रकाने पाडा. "सगळी मूलद्रव्यं" असं कुठेही लिहायचं नाही. गेल्या वर्षभरात गिऱ्हाइकांनी ड्रॉइंगवर काय मागितलं आणि माल परत आला तेव्हा कारण काय निघालं, हे चाळून रकाने भरा.

उदाहरण म्हणून आयएस २१० या भारतीय मानकातला एफजी २६०, म्हणजे ग्रे आयर्नची (करड्या ओतीव लोखंडाची) एक प्रत, घेऊ. फर्नेसवर माणूस ताटकळत उभा असतो, धातू वितळून तयार असतो, वीज जळत असते. त्याला कार्बन आणि सिलिकॉन हवाय आणि तो पाच मिनिटांत हवाय. समजा कार्बन ३.३५, सिलिकॉन २.१० आणि फॉस्फरस ०.०६ टक्के आला. कार्बन इक्विव्हॅलंट, म्हणजे सिलिकॉन-फॉस्फरसचा परिणाम धरून येणारा कार्बनचा आकडा, काढताना सिलिकॉन आणि फॉस्फरसची बेरीज करून तिला तीनने भागायचं आणि येईल ते कार्बनमध्ये मिळवायचं. इथे तो ४.०७ येतो. आता यंत्राने सिलिकॉन ०.१० ने चुकवला तर हा आकडा जेमतेम ०.०३ ने हलतो. कार्बन तेवढाच चुकला तर मात्र आकडा पुरता ०.१० ने सरकतो. म्हणजे ग्रे आयर्नवाल्याने यंत्र पारखताना सगळ्यात आधी कार्बन पाहायचा. यादीत मूलद्रव्यं तीस आहेत की चाळीस, याने काही फरक पडत नाही.

एसजी आयर्नचं, म्हणजे गोल ग्रॅफाइटच्या ओतीव लोखंडाचं, गणित निराळं. तिथे उरलेला मॅग्नेशियम साधारण ०.०३ ते ०.०५ टक्क्यांच्या मध्ये असावा लागतो. कमी पडला की ग्रॅफाइट गोल होत नाही. शिवाय मॅग्नेशियम मिसळण्याची ट्रीटमेंट झाल्यापासून तो सतत उडत असतो, म्हणून पंधरा मिनिटांनी आलेलं अचूक उत्तर काही कामाचं नाही. सल्फर, टायटॅनियम आणि शिसं यांचे बारीक आकडेही इथे लागतात. तुमच्याकडे एसजी होत असेल, किंवा दोन वर्षांत सुरू करायचा विचार असेल, तर तो रकाना आजच भरा. त्या मूलद्रव्यांची सोय नंतर बसवून घेणं महागात पडतं आणि काही यंत्रांत ती बसतच नाही.

पायरी २: कुठलं यंत्र कुठे थांबतं ते समजून घ्या

प्रत्येक तंत्र काय करतं हे विक्रेता सांगेलच. ते कुठे थांबतं, हे आपल्याला ठाऊक हवं.

आपण ज्याला नुसतं "स्पेक्ट्रो" म्हणतो ते स्पार्क ऑप्टिकल एमिशन स्पेक्ट्रोमीटर. घन धातूच्या सपाट तोंडावर आर्गॉनमध्ये ठिणगी मारायची आणि निघणाऱ्या प्रकाशातून मूलद्रव्यं ओळखायची. एक बर्न, म्हणजे ठिणगीची एक फेरी, अर्ध्या मिनिटाच्या आसपास होतो. फर्नेसवरच्या निर्णयासाठी याला तोड नाही. पण कार्बनची रेषा १९३.१, सल्फरची १८०.७ आणि फॉस्फरसची १७८.३ नॅनोमीटरवर आहे. हा प्रकाश साध्या हवेत शोषला जातो, म्हणून आतली ऑप्टिक्स निर्वातात किंवा आर्गॉनमध्ये ठेवावी लागते. निर्वात असेल तर पंप आणि त्याचं तेल सांभाळावं लागतं, आर्गॉन असेल तर गॅस जास्त लागतो. दोन्ही पद्धती चालतात. त्यातली तुम्हाला कुठली झेपेल ते पाहा.

स्पेक्ट्रोची मोठी अडचण ग्रॅफाइट. चिल झालेलं (झटकन गोठवलेलं), पांढरं फुटणारं सॅम्पल असेल तरच कार्बन खरा दिसतो. तयार कास्टिंगचा तुकडा कापून ठिणगी मारली तर मोकळं ग्रॅफाइट नीट जळत नाही आणि कार्बन भलताच येतो. गिऱ्हाइकाने परत पाठवलेल्या मालाचा कार्बन तपासायचा असेल तर कार्बन-सल्फर अॅनालायझर हवा. त्यात साधारण अर्धा ते एक ग्रॅम नमुना ऑक्सिजनच्या झोतात जाळतात आणि निघालेले कार्बन डायऑक्साइड व सल्फर डायऑक्साइड इन्फ्रारेडने मोजतात. नमुना ड्रिलने काढताना उडणारी काळी बारीक पूड फुंकून टाकू नका. ती पूड म्हणजेच ग्रॅफाइट. ती गेली की कार्बन कमी दिसणारच.

सीई (कार्बन इक्विव्हॅलंट) कपचं नाव पुस्तिकांत फारसं दिसत नाही, पण लहान फाउंड्रीला तो मोठा आधार आहे. टेल्युरियम लावलेल्या कपात धातू ओततात, तो पांढरा गोठतो, आणि थंड होतानाच्या तापमानाच्या टप्प्यांवरून कार्बन आणि सिलिकॉन कळतो. दोन-तीन मिनिटांचं काम. मँगनीज, सल्फर किंवा क्रोमियम मात्र त्यातून कळत नाही. एकच फर्नेस असेल आणि फक्त ग्रे आयर्न होत असेल, तर आधी सीई मीटर घ्यावा आणि रोज एक-दोन सॅम्पलं बाहेरच्या लॅबमध्ये स्पेक्ट्रोला पाठवावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. बाहेर जाणाऱ्या सॅम्पलांचं महिन्याचं बिल यंत्राच्या हप्त्याच्या जवळ जाऊ लागलं की मग स्पेक्ट्रो.

हातात धरायचं एक्सआरएफ (एक्स-रे टाकून मूलद्रव्यं ओळखणारं यंत्र) भंगार ओळखायला उत्तम. स्टेनलेसचा तुकडा चुकून चार्जमध्ये (फर्नेसमध्ये टाकायच्या मालात) जाऊ नये यासाठी ते घ्या. पण त्याला कार्बन दिसत नाही, त्यामुळे कास्ट आयर्नच्या कंपोझिशनसाठी ते घेणं म्हणजे पैसे पाण्यात. शिवाय एक्स-रे नळी असल्यामुळे अणुऊर्जा नियामक मंडळाचे, म्हणजे एईआरबीचे नियम लागू होतात. ते कागद कोण करून देणार, हे ऑर्डरआधीच लेखी घ्या.

टेबलावरचं मोठं एक्सआरएफ दगड, माती, स्लॅग आणि बॉक्साइटसाठी. हिंदाल्कोचा अॅल्युमिना कारखाना बेळगावातच असल्यामुळे बॉक्साइट आपल्याकडे ओळखीचा. लिथियम बोरेटमध्ये वितळवून केलेल्या काचेच्या चकतीवर अॅल्युमिना, सिलिका, लोह आणि टायटॅनिया चांगले मोजता येतात. पण एक्सआरएफ सांगतं ती एकूण सिलिका. बॉक्साइटपासून अॅल्युमिना काढण्याच्या बायर प्रक्रियेत कॉस्टिक सोडा खाते ती रिअॅक्टिव्ह सिलिका, आणि ती रसायनाने वेगळी काढूनच मोजावी लागते. एकूण किती आहे आणि त्यातलं कामाचं किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मातीत तर हा फरक आणखी महत्त्वाचा ठरतो.

चिकोडी, अथणी, हुक्केरीच्या ऊसपट्ट्यात शेतकऱ्याला मातीतलं एकूण जस्त नको असतं, पिकाला मिळणारं हवं असतं. त्यासाठी माती डीटीपीए या रसायनाच्या द्रावणात हलवतात, गाळतात आणि गाळलेल्या द्रावणातलं जस्त, लोह, मँगनीज, तांबं मोजतात. जस्ताची नेहमी धरली जाणारी सीमा किलोला ०.६ मिलिग्रॅम. दहा ग्रॅम मातीला वीस मिली द्रावण, म्हणजे द्रावणात लिटरला ०.३ मिलिग्रॅम. साध्या ज्वालेवरच्या एएएसला (अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शन स्पेक्ट्रोमीटरला) हे सहज जमतं. पालाशासाठी अमोनियम अॅसिटेटचं द्रावण आणि फ्लेम फोटोमीटर पुरेसा. नत्र या कुठल्याच यंत्रात येत नाही, त्याची सोय वेगळी करावी लागते. म्हणून "एका यंत्रात पूर्ण मातीपरीक्षण" असं कुणी म्हणालं तर नत्र कसं मोजता एवढंच विचारा.

एएएस एका वेळी एकच मूलद्रव्य मोजतं, प्रत्येकाचा दिवा वेगळा. रोज चार मूलद्रव्यं आणि पन्नास नमुने असतील तर चालतं. वीस मूलद्रव्यं मागितली तर आयसीपी-ओईएस, म्हणजे प्लाझ्मात नमुना तापवून त्याचा प्रकाश मोजणारं यंत्र, हवं. पण आयसीपीचा प्लाझ्मा मिनिटाला पंधरा लिटरच्या आसपास आर्गॉन पितो. आपल्याकडे मिळणारं सात घनमीटरचं सिलिंडर म्हणजे सात हजार लिटर, म्हणजे पावणेआठ तास. दिवसाला जवळपास एक सिलिंडर. हा हिशेब कोटेशनमध्ये नसतो, तो आपण करायचा.

पिण्याच्या पाण्याचं काम घेणार असाल तर आणखी सावध राहा. आयएस १०५०० नुसार शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. ज्वालेवरचं एएएस तिथे हात टेकतं. एएएसला ग्रॅफाइट फर्नेसची (ज्वालेऐवजी विजेने तापणाऱ्या नळीची) जोड तरी हवी किंवा आयसीपी-एमएस (प्लाझ्मातले अणू वस्तुमानावरून मोजणारं यंत्र). गावची पाणी योजना आपल्या आकड्यावर चालणार असेल, तर "दिसलं नाही" आणि "नाही" यांतला फरक ओळखणारंच यंत्र हवं.

पायरी ३: सॅम्पल नीट घ्यायला शिका, मग यंत्र बघा

या पायरीवर मी मुद्दाम रेंगाळणार आहे. स्पेक्ट्रो चुकतो म्हणून जेवढ्या तक्रारी होतात, त्यांतल्या बऱ्याच सॅम्पलच्या असतात.

धातू घेताना स्लॅग बाजूला सारा, चमचा आधी तापवून घ्या. तांब्याचा चिल मोल्ड कोरडा हवा. ओलसर मोल्डमध्ये धातू ओतला तर तो अंगावर उडतो, म्हणून पावसाळ्यात मोल्ड आधी गरम करूनच ठेवा. सॅम्पल नाण्यासारखं पातळ असावं. जाड झालं की मधला भाग सावकाश गोठतो आणि तिथे ग्रॅफाइट धरतं. नवीन असाल तर फर्नेसवरच्या मामांना सांगून एक सॅम्पल हातोडीने फोडून बघा. फुटीचं तोंड आरपार पांढरं, चकचकीत दिसायला हवं. मध्ये करडा पट्टा दिसला तर ते सॅम्पल फेका आणि दुसरं घ्या. त्यावर ठिणगी मारून वेळ दवडू नका.

मग घासणं. लोखंडाला सिलिकॉन कार्बाइडचा कागद वापरला तर सिलिकॉन आणि कार्बन दोन्ही पृष्ठभागावर चिकटून येऊ शकतात. अॅल्युमिनाचा किंवा झिर्कोनियाचा कागद वापरा. लोखंडातला थोडासा अॅल्युमिनियमही पिनहोल (कास्टिंगमधली बारीक छिद्रं) करतो, तो मोजायचा असेल तर झिर्कोनियाचाच. अॅल्युमिनियमचं सॅम्पल घासायचं नसतं, लेथवर किंवा मिलिंगवर तोंड मारायचं. घासताना निळं पडलं तर जास्त तापलं. पाण्यात बुडवून थंड केलं तर पूर्ण वाळू द्या. घासलेल्या तोंडाला बोट लावायचं नाही, आणि ते स्टँडवर ठेवल्यावर भोक पूर्ण झाकलं पाहिजे.

शेवटी बर्नकडे, म्हणजे ठिणगीने पडलेल्या डागाकडे, बघा. आकड्याआधी बर्न बघायची सवय लावा. चांगला बर्न मधोमध खडबडीत, करडा आणि भोवती काळी कडा असलेला दिसतो. पांढरट, पसरट, कडा नसलेला बर्न आला तर आर्गॉनमध्ये हवा किंवा ओल शिरली आहे, नाहीतर सॅम्पल सपाट बसलेलं नाही. पडद्यावर आकडे तरीही येतात आणि छान दिसतात. ते लिहून घ्यायचे नाहीत. दोन-तीन बर्न घ्या, एकमेकांशी जुळणारे असतील तरच सरासरी काढा.

एवढं तुमच्या शॉपमध्ये नीट बसलं की साधं यंत्रही चांगली उत्तरं देतं. नाही बसलं तर सगळ्यात महागडं यंत्रही चुकीचाच आकडा तीन दशांशांपर्यंत दाखवेल.

पायरी ४: जागा, वीज, गॅस

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत पाणी भरलेलं असतं, खानापूरकडे तर विचारूच नका. लॅबला एसी हवाच, पण पावसाळ्यात त्याच्या जोडीला डिह्युमिडिफायरही ठेवा. घासायची मशीन वेगळ्या खोलीत. फर्नेसपासून लॅब जवळ हवी म्हणजे सॅम्पल पळवत आणता येतं, पण शेकआउटचा (साच्यातून कास्टिंग झटकून काढण्याचा) हादरा आणि वाळूची धूळ आत येईल इतकी जवळ नको.

इंडक्शन फर्नेसच्याच ट्रान्सफॉर्मरवर लॅब टाकू नका. शक्य नसेल तर चांगला ऑनलाइन यूपीएस आणि लॅबसाठी स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा घ्या. अर्थ आणि न्यूट्रलमधला व्होल्टेज किती चालेल हे कंपनीकडून लेखी घ्या आणि यंत्र येण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. फर्नेस बंद असताना एकदा, पूर्ण लोडवर एकदा.

स्पेक्ट्रोला ९९.९९९ टक्के शुद्ध आर्गॉन लागतो. वेल्डिंगचा आर्गॉन स्वस्त पडतो म्हणून जोडायचा नाही. नवं सिलिंडर लावलं की आधी दोन-चार बर्न वाया घालवून लाइन धुऊन घ्या. एएएससाठी अॅसिटिलीन येणार असेल तर तांब्याची नळी अजिबात वापरू नका. तांबं आणि अॅसिटिलीन मिळून स्फोटक संयुग तयार होतं. सिलिंडर उभंच ठेवा आणि पूर्ण रिकामं होईपर्यंत वापरू नका, नाहीतर आतलं अॅसिटोन यंत्रात येतं.

पायरी ५: डेमो तुमच्या सॅम्पलवर

विक्रेता स्वतःचं सॅम्पल आणतो आणि आकडा दशांशापर्यंत जुळतो. त्यावरून काही ठरवू नका. तुमच्या एकाच हीटमधली (एकाच वेळी वितळवलेल्या धातूची) चार-पाच चिल सॅम्पलं न्या आणि एखादं प्रमाणित संदर्भ सॅम्पल, म्हणजे सीआरएम, त्यावरचं लेबल झाकून मध्येच द्या. सकाळी एकदा, दुपारी एकदा, आणि जमलं तर यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यावर एकदा. आकड्यांचा पसारा किती हे बघा. शेवटच्या फेरीला तुमच्या ऑपरेटरला बसवा. त्याला जमेना तर तेही डेमोतच कळलेलं बरं.

कॅलिब्रेशनची यादी मागा आणि तुमचे चार रकाने तिच्यावर ठेवा. "आयर्न बेस" एवढं लिहिलेलं पुरत नाही. कास्ट आयर्नचा प्रोग्राम लो-अलॉय स्टीलपेक्षा वेगळा असतो, आणि प्रत्येक मूलद्रव्याची खालची व वरची मर्यादा दिलेली असते. तुमचा कार्बन ३.५ वर जात असेल आणि कॅलिब्रेशन २ वर थांबत असेल, तर पुढचा आकडा अंदाजाचा. सीआरएम किती आणि कुठले देणार हेही याच कागदावर घ्या. ती महाग असतात आणि विक्रेते ती शेवटी वगळतात.

पायरी ६: इंजिनिअर कुठून येणार?

आपल्या सीमाभागाची ही खास अडचण आहे. बऱ्याच कंपन्यांचे विभाग राज्यावर ठरतात, आणि मग बेळगावचा कॉल बेंगळुरूच्या खात्यात जातो. बेंगळुरू सुमारे पाचशे किलोमीटर. कोल्हापूर शंभर-सव्वाशेच्या आत आणि पुणे साडेतीनशेच्या आत. कोल्हापूरच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांना सेवा देणारा इंजिनिअर तासा-दोन तासांवर असतो, पण नकाशातल्या रेषेमुळे तो आपल्याकडे येत नाही. म्हणून करारातच लिहून घ्या: कॉल नोंदवल्यापासून किती तासांत माणूस येईल आणि तो कुठल्या शहरातून येईल. कोल्हापूरहून माणूस देणाऱ्या विक्रेत्याचं यंत्र थोडं महाग असलं तरी मी तेच घेईन. स्पेक्ट्रो दोन दिवस बंद म्हणजे फर्नेस अंदाजावर. विक्रेत्याने दिलेल्या संदर्भांपैकी निदान दोघांना स्वतः फोन करा आणि शेवटचा ब्रेकडाउन किती दिवस चालला, एवढंच विचारा.

पायरी ७: यंत्र आल्यावर

दर पाळीच्या सुरुवातीला एक ठरलेलं कंट्रोल सॅम्पल मारा आणि आकडा वहीत नोंदवा. रोजच्या तपासणीत सीआरएम झिजवू नका. कंट्रोल सॅम्पल चिल केलेलं आणि तुमच्याच धातूसारखं हवं. आकडा एकाच दिशेने सरकत चालला तर रीकॅलिब्रेशनआधी स्टँड साफ करा, इलेक्ट्रोडचं टोक आणि अंतर तपासा, काचेची खिडकी पुसा. महिन्यातून एकदा तेच सॅम्पल दुसऱ्या लॅबमध्येही पाठवा.

फर्नेसच्या निर्णयासाठी एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेची) मान्यता लागत नाही. गिऱ्हाइकाला तुमच्या लॅबचं प्रमाणपत्र हवं असेल तर आयएसओ १७०२५ या प्रयोगशाळांच्या मानकाकडे वळा, पण वहीची शिस्त वर्षभर पाळून झाल्यावरच.

फर्नेसजवळ निकालाचा फलक लावा. आपल्या शॉपमध्ये मराठी, कन्नड आणि हिंदी बोलणारी माणसं शेजारी शेजारी काम करतात. आकडे सगळ्यांना वाचता येतात, पण "ओता" आणि "थांबा" हे दोन शब्द तरी मराठी आणि कन्नड दोन्ही लिपींत मोठ्या अक्षरांत हवेत.

आणि ऑर्डर सोडताना तीन अटी विसरू नका. वॉरंटी यंत्र निघाल्यापासून नाही, तर ते तुमच्या जागी चालू झाल्यापासून. प्रशिक्षण दोन पाळ्यांच्या निदान दोघांना. आणि शेवटची दहा टक्के रक्कम तुमच्या सॅम्पलवर, तुमच्या ऑपरेटरच्या हातून, ठरलेले आकडे आल्यावरच.